वाचकांचे प्रश्न : तूप परत आले, पण नानकटाई पसरली

प्रश्न : आईच्या जुन्या वहीतली नानकटाई दर दिवाळीला डालड्यात होत असे. यंदा मुलांसाठी म्हणून मी सायीचे विरजण लावून, लोणी काढून घरी कढवलेले रवाळ साजूक तूप तितक्याच वजनाने घेतले. चव उत्तम आली, परंतु भट्टीत सगळ्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या. तूप जास्त झाले का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तूप जास्त झालेले नाही. वनस्पती तूप आणि साजूक तूप ही दोन्ही जवळजवळ निव्वळ स्निग्धच असल्यामुळे वजनाला वजन हा तुमचा हिशेब बरोबर होता. चुकली ती तुपाची अवस्था. मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना १९३२ मध्ये सुरू झाला आणि १९३७ मध्ये डालडा हे नाव बाजारात आले. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांनी घरोघरच्या वह्यांत जी प्रमाणे आणि ज्या कृती उतरवल्या, त्यांतल्या कितीतरी मुळात डालड्यासाठीच बेतलेल्या आहेत. आपण मात्र त्यांना सरसकट ‘पारंपरिक’ म्हणतो. वनस्पती तुपाचा कण अतिशय बारीक असतो, म्हणून पिठीसाखरेबरोबर फेसताना त्यात हवा भरपूर धरली जाते, आणि ते उन्हाळी स्वयंपाकघरातही घट्ट राहावे अशा बेताने बनवलेले असते. घरचे तूप तिशीच्या जरा वरच्या तापमानालाच पातळ होऊ लागते. शिवाय ज्या रव्यावरून आपण चांगले तूप ओळखतो, तो टपोरा रवाच इथे आडवा येतो, कारण मोठ्या कणांच्या तुपात हवा टिकत नाही.

उपाय जुनाच आहे. तूप पूर्ण वितळवून परातीत घ्यावे, त्यात बर्फाचे तुकडे टाकून तळहाताने गोल फेसत राहावे, आणि ते पांढरेशुभ्र, लोण्यासारखे झाले की उरलेला बर्फ व सुटलेले पाणी काढून टाकावे. झटपट थंड झाल्यामुळे कण बारीक पडतो. (चिरोट्यांच्या थरांत लावायचा फेसलेल्या तुपाचा साटा करणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.) मग पिठीसाखर घालून पुन्हा फेसावे, मैदा व थोडे बेसन हलक्या हाताने मिसळावे, मळू नये. वळलेल्या नानकटाया अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून आधीच तापवलेल्या भट्टीत १७० अंश सेल्सिअसला भाजाव्यात. भट्टी कोमट असताना ताट आत सरकवले, तर पीठ आकार धरण्याआधीच तूप वितळून वाहते. शंकरपाळ्यांना मात्र यातले काही लागू नाही. तिथे मोहन कडकडीत करूनच घालायचे असल्याने रवा मोठा की बारीक याला महत्त्व उरत नाही.

प्रश्न : इथे डुकराची चरबी, म्हणजे लार्ड, पुन्हा आवडीने वापरली जाते आणि शेजारीण ॲपल पायसाठी तिचाच आग्रह धरते. आमच्या घरी ती चालणार नाही. तुपाने तसाच पापुद्रा येईल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तसाच येणार नाही. पायचा पापुद्रा सुटतो तो पिठात न विरघळता राहिलेल्या घट्ट चरबीच्या तुकड्यांमुळे. लाटताना ते चपटे होतात आणि पिठाचे थर वेगळे ठेवतात. लार्ड, त्यातही मूत्रपिंडाभोवतीची चरबी, थंड असतानाही लवचीक राहते, म्हणून ती या कामी अचूक ठरते. सरकीच्या तेलापासून बनवलेले, डालड्यासारखे घट्ट क्रिस्को १९११ मध्ये अमेरिकेत आले, त्याआधी तिथल्या घरांत पायसाठी लार्डचाच वापर सर्रास होता. तेव्हा तुमच्या शेजारणीचा आग्रह साधार आहे. फ्रिजमधले तूप कडक होते आणि लाटण्याखाली चुरते, त्यामुळे कवच खुसखुशीत होते, पदरदार नाही. पदरच हवे असतील, तर चिरोट्यांची रीत वापरून पाहा : पोळीवर फेसलेले तूप व तांदळाच्या पिठाचा साटा लावून तिची गुंडाळी करावी, ती थंड करावी आणि पुन्हा लाटावी. केकच्या कृतीत लोण्याऐवजी तूप घेताना १०० ग्रॅम लोण्यामागे ८० ग्रॅम तूप आणि एक मोठा चमचा दूध घ्यावे, कारण दुकानातल्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते.

प्रश्न : साजूक तूप कितीही खाल्ले तरी बाधत नाही, असे हल्ली सगळीकडे ऐकू येते. वडिलांना हृदयविकार आहे. त्यांना द्यावे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘कितीही’ हा शब्द आम्हाला मान्य नाही. तुपातला सुमारे ६० टक्के भाग संपृक्त चरबीचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे संपृक्त चरबीतून मिळणारी ऊर्जा रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत राहावी. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा साधारण २२ ग्रॅम होते, आणि दूध, खोबरे, फरसाण यांतले काहीही न धरता केवळ सात छोट्या चमच्यांच्या आसपास तुपाने ती गाठली जाते. वनस्पती तुपावरचा मुख्य आक्षेप त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या व हृदयाला घातक असलेल्या चरबीवर होता. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेले व स्निग्ध पदार्थांत त्याची मर्यादा २ टक्के केलेली आहे. परंतु एका पदार्थाचा दोष सिद्ध झाला म्हणून दुसरा औषध ठरत नाही. वडिलांच्या वरणभातावर किती तूप वाढायचे, हे त्यांच्या रक्ततपासणीचा अहवाल पाहून त्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.