आधी मुक्काम ठरवा, गाडी नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारे एक दांपत्य नुकतेच निवृत्त झाले आहे. गृहस्थ ६६ वर्षांचे, पत्नी ६३ वर्षांच्या. मुलगी व्हर्जिनियात रिचमंडजवळ आणि मुलगा ओहायोत कोलंबसला असतो. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे दोन महिने आरव्हीतून, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीतून फिरावे, वाटेत कॅम्पिंग करावे, इलेक्ट्रिक सायकली चालवाव्यात आणि दोन्ही मुलांकडे राहून यावे असा बेत आहे. त्यासाठी ३६ फुटी मोटरहोम (स्वतःच्या इंजिनावर चालणारी आरव्ही) विकत घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे. आम्ही दोघे निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षे असेच हिंडत आहोत. पहिली तीन वर्षे आमच्याकडे २५ फुटी क्लास सी, म्हणजे व्हॅन-ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले मध्यम आकाराचे मोटरहोम होते आणि त्यानंतर पिकअप ट्रक व त्याच्यामागे ओढायचा २३ फुटी ट्रेलर आहे. त्या अनुभवावरून सांगतो: ३६ फुटी गाडी घेऊ नका, निदान या वर्षी तरी नको.

आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर असे नवख्या माणसाला वाटते आणि घर म्हटले की आपण लगेच खोल्या, कपाटे आणि सोफे मोजू लागतो. तुमचा प्रवास मात्र घर किती मोठे आहे यावर ठरणार नाही. ते कुठे उभे करता येईल आणि उभे केल्यावर तुम्हाला तिथून बाहेर कसे पडता येईल यावर ठरेल. मोटरहोम एकदा कॅम्पग्राउंडवर लावले, समतल केले, पाणी आणि वीज जोडली, की दूध आणायला किंवा नातवाच्या शाळेत जायला ते सगळे पुन्हा सोडवावे लागते. म्हणून बहुतेक लोक मागे एक छोटी मोटार ओढत नेतात, म्हणजे लांबी ५० फुटांच्या पुढे जाते आणि चुकीच्या रस्त्यावर शिरल्यास मागे वळणे अशक्य होते. ट्रेलर असेल तर तो साइटवर सोडून ट्रक मोकळा होतो. याच एका कारणासाठी आम्ही मोटरहोम विकले.

तुमच्याच मार्गाचे उदाहरण घ्या. न्यू जर्सीहून रिचमंडला जायचे म्हटले की हात आपोआप आय-९५ या महामार्गाकडे वळतो. पण बाल्टिमोरच्या हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेल या दोन्ही बोगद्यांत दहा पौंडांहून मोठा प्रोपेनचा सिलिंडर असलेल्या वाहनाला मनाई आहे. साध्या ट्रेलरवर सहसा वीस-वीस पौंडांचे दोन सिलिंडर असतात आणि मोटरहोममध्ये त्याहून मोठी टाकी कायमची बसवलेली असते. पूर्वी आम्ही सगळे आय-६९५ वरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचो, पण २६ मार्च २०२४ रोजी मालवाहू जहाज आदळून तो पूल कोसळला, त्यामुळे आता त्याच रिंग रोडच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागातून शहराला वळसा घालावा लागतो. त्यापेक्षा माझे मत असे की आय-७८ ने पश्चिमेला जाऊन हॅरिसबर्गजवळ आय-८१ धरावा, खाली स्टॉन्टनपर्यंत उतरावे आणि तिथून आय-६४ ने रिचमंड गाठावे. अंतर वाढते, पण तुम्हाला आता कुठे वेळेवर पोहोचायचे आहे?

या मार्गाचा दुसरा फायदा म्हणजे शेनान्डोआ नॅशनल पार्क अगदी बाजूला येते. फ्रंट रॉयलपासून रॉकफिश गॅपपर्यंतचा १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह ऑक्टोबरच्या मध्यावर पाने रंगली की बघण्यासारखा असतो. तिथली वेगमर्यादा ताशी ३५ मैल आहे आणि त्याहून जोरात जाण्याची कोणाला इच्छाही होत नाही. मात्र उत्तरेकडून आत शिरून बिग मेडोज कॅम्पग्राउंडकडे जाताना मेरीज रॉक बोगदा लागतो आणि त्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. छतावरच्या एअर कंडिशनरसह आमचा ट्रेलर ११ फुटांच्या आत बसतो. मोठी, बससारखी दिसणारी क्लास ए मोटरहोमे कित्येकदा साडेबारा फुटांच्या आसपास किंवा त्याहून उंच असतात. घेतलेल्या गाडीची खरी उंची स्वतः टेपने मोजा आणि ती एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. पुढेमागे मोन्टानात ग्लेशियर पार्कला जायचे मनात असेल, तर तिथल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरातल्या मुख्य भागात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहन नेताच येत नाही, हेही ध्यानात असू द्या. ट्रेलर खाली सोडून ट्रकने वर जाण्याची सोय तिथेही उपयोगी पडते.

आता नॅशनल पार्कच्या प्रवेश-पासाबद्दल. गृहस्थांचे वय ६२ च्या पुढे आहे, म्हणजे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असल्यास त्यांना ८० डॉलरमध्ये आजन्म सीनियर पास मिळेल. एकाच पासावर गाडीतले दोघेही नॅशनल पार्कमध्ये जातात, त्यामुळे वहिनींसाठी वेगळा पास घेण्याची गरज नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की केंद्र सरकारच्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर त्या पासामुळे साइटचे भाडे निम्मे होते. यात नॅशनल पार्कखेरीज आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या अमेरिकी सैन्याच्या अभियांत्रिकी विभागाची धरणांजवळची कॅम्पग्राउंडही येतात, आणि आपल्या लोकांना नेमकी तीच ठाऊक नसतात. पाण्याकाठच्या ऐसपैस जागा, वीज, स्वच्छ स्नानगृहे आणि भाडे निम्मे, असा तो मामला आहे. राज्यांच्या पार्कांत आणि खासगी ठिकाणी हा पास चालत नाही.

सायकलींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे आम्ही चांगलेच पोळलो आहोत. ट्रेलर घेतल्यावर मी हौसेने त्याच्या मागच्या बंपरवर सायकलींचा रॅक बसवून घेतला. बसवणाऱ्याने निश्चिंत राहा असे सांगितले आणि मी राहिलो. एका इलेक्ट्रिक सायकलीचे वजन ५५ पौंड, दोघींचे ११०, वर रॅकचे स्वतःचे वजन. ट्रेलरचे मागचे टोक चाकांपासून लांब असते, त्यामुळे रस्त्यावरचा लहानसा खड्डाही तिथे झोपाळ्यासारखा झोका देतो. वेस्ट व्हर्जिनियात एका पुलाच्या सांध्यावरून गेल्यानंतर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने दिवे चमकवले. खाली उतरून पाहतो तो बंपरचा चौकोनी नळा पिळवटून सायकली रस्त्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर लोंबत होत्या आणि एकीचे मागचे चाक डांबरावर घासून त्याच्या टायरची एक बाजू पार गुळगुळीत झाली होती. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब.

बंपर वाकण्यापेक्षाही एक गंभीर गोष्ट मला नंतर समजली. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर, म्हणजे ट्रकला ट्रेलर जोडतात त्या जोडावर असावा लागतो. आमचा भरलेला ट्रेलर ५,५०० पौंडांचा आहे, म्हणजे हिचवर ५५० ते ८२५ पौंड हवेत. मागच्या टोकाला वजन लटकवले की तरफेप्रमाणे पुढचा भार हलका होतो आणि मोठा ट्रक शेजारून गेला की ट्रेलर शेपटी हलवू लागतो. त्या दिवसापर्यंत मी त्याचा दोष वाऱ्याला देत होतो. आता दोन्ही सायकली पिकअपच्या हौद्यात उभ्या बांधतो आणि बॅटऱ्या काढून आत ठेवतो. तुम्ही मोटरहोमच घेतलेत, तर रॅक आरव्हीच्या मागे लावण्यासाठीच बनवलेला आहे, असे त्याच्या कागदावर लिहिलेले असल्याखेरीज घेऊ नका. मोटारीसाठीचा रॅक इथे चालत नाही.

चालवायच्या वाटांची मात्र तुमच्या मार्गावर चैन आहे. रिचमंडहून कोलंबसकडे जाताना मेरीलँडमधल्या कंबरलंडला थांबा. तिथून पिट्सबर्गपर्यंत ग्रेट अलेगेनी पॅसेज हा १५० मैलांचा सायकलमार्ग जातो आणि दुसऱ्या दिशेला सी अँड ओ कालव्याच्या काठाने १८४.५ मैलांची वाट थेट वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत पोहोचते. पॅसेजचा बराचसा भाग जुन्या रेल्वेमार्गावरून काढलेला आहे आणि आगगाडीला तीव्र चढ झेपत नसल्यामुळे तो आपल्या गुडघ्यांनाही झेपतो. वर चुनखडीच्या बारीक कचीचा दाबून बसवलेला थर आहे, त्यावर थोडे रुंद टायर बरे पडतात. कंबरलंडकडून चढ सुमारे २४ मैल चालतो आणि २,३९२ फुटांवरच्या ईस्टर्न कॉन्टिनेन्टल डिव्हाइड या जलविभाजकापाशी संपतो. तिथून पुढे पिट्सबर्गपर्यंतचा उतार इतका हलका आहे की तो जाणवतही नाही. पहिल्याच खेपेला चढण्याचा हट्ट धरू नका. कंबरलंडहून निघणाऱ्या पर्यटक रेल्वेत सायकली चढवून आम्ही फ्रॉस्टबर्गला उतरलो आणि तिथून सुमारे १५ मैल जवळजवळ पॅडल न मारता खाली आलो. सौ.ने त्या दिवशी सायकलीची बॅटरी सुरूसुद्धा केली नव्हती. सायकलींना गाडीत जागा मिळते का आणि त्या दिवशी फेरी आहे का, हे आधी विचारून घ्या.

त्यानंतर पेनसिल्व्हेनियात कन्फ्लुअन्स या लहानशा गावी चार दिवस काढा. धरणाच्या खालच्या अंगाला आर्मी कोअरचे आउटफ्लो कॅम्पग्राउंड आहे आणि सायकलची वाट त्याला लागूनच जाते. तिथून ओहायोपाइल सुमारे ११ मैल. सगळा रस्ता यॉकगेनी नदीच्या कडेने, झाडीतून. सकाळी निघावे, धबधब्यापाशी बसून डबा खावा आणि दुपारी परत यावे. तुमच्या मुलाच्या कोलंबसजवळही झीनिया गावातून जाणारा लिटल मायामी सीनिक ट्रेल ७८ मैलांचा आहे आणि तो पक्का डांबरी आहे. मुलगा-सूनबाई शनिवारी येऊ शकतात.

मुलांकडे राहण्याचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. त्यांच्या ड्राइव्हवेत आरव्ही लावावी असे वाटणे स्वाभाविक आहे, पण आधी मुलांना त्यांच्या हाउसिंग असोसिएशनचे नियम वाचायला सांगा. कित्येक वसाहतींत एक-दोन रात्रींपलीकडे आरव्ही उभी करू देत नाहीत आणि नोटीस मुलांच्या नावाने येते. दुसरा मुद्दा विजेचा. गॅरेजमधला साधा प्लग १५ अँपिअरचा, म्हणजे १२० व्होल्टवर फार तर १,८०० वॉटचा असतो. आरव्हीची ३० अँपिअरची जोडणी ३,६०० वॉट देते. अडॅप्टर लावून दिवे, पंखे आणि बॅटरीचे चार्जिंग चालते, एअर कंडिशनर चालवू नये. एका जुलैत मी तो चालवला आणि सौ.ने त्याच वेळी मायक्रोवेव्ह लावला. त्या प्लगची वीज गेली, आम्ही खिडक्या उघडून झोपलो आणि दुसऱ्या दिवशी निघूनही गेलो. गॅरेजमधला फ्रीझर त्याच वायरीवर होता, हे मुलीला तीन दिवसांनी वासावरून समजले. वर्षभरासाठी साठवलेला ओल्या नारळाचा चव आणि आंब्याचा रस सगळा टाकावा लागला. ती काही बोलली नाही, जावईबापूंनी मात्र नंतर त्या प्लगवर लाल टेप लावली.

तेव्हापासून आम्ही मुलांच्या घरापासून दहा-पंधरा मैलांवरच्या कॅम्पग्राउंडवर उतरतो. सकाळचा चहा आपल्या दारात, दुपारनंतर त्यांच्याकडे, रात्री जेवून परत. सुनेला पाहुण्यांच्या खोलीची चादर बदलावी लागत नाही, मुलाचे सकाळचे कामाचे फोन अडत नाहीत आणि नातवंडे शुक्रवारी रात्री आमच्याकडे मुक्कामाला येतात. त्यांना तेच अधिक आवडते. चार दिवसांसाठी जाणारे आम्ही अशा व्यवस्थेमुळे दोन-दोन आठवडे राहू लागलो आणि कोणालाही जड झालो नाही.

सांडपाण्याबद्दल एवढेच सांगतो की साइटवर सीवरची जोडणी असली तरी शौचालयाच्या टाकीची झडप कायम उघडी ठेवू नका. द्रव निघून जातो आणि घन तळाशी साचून घट्ट होते. टाकी दोन तृतीयांश भरू द्या, मग ती आधी सोडा आणि त्यानंतर अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे नळी धुतली जाते. नळाला दाब नियंत्रक लावल्याशिवाय पाणी जोडू नका. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचा शेवटचा चार अंकी आकडा वाचा, त्यात आठवडा आणि वर्ष असते. सहा वर्षांहून जुना टायर आम्ही ठेवत नाही. आणि फोडणी बाहेर करा. आत केली की मोहरी तडतडण्याआधी धुराचा अलार्म वाजतो आणि हिंगाचा वास गाद्यांत आठवडाभर राहतो.

दिवसाला २०० मैलांहून जास्त जाऊ नका, दुपारी दोनच्या आत पोहोचा आणि एका जागी किमान दोन रात्री राहा, हा आरव्हीवाल्यांचा जुना नियम आम्ही पाळतो. आमच्या ट्रकला ट्रेलर ओढताना गॅलनला दहा-अकरा मैल मिळतात, त्यामुळे कमी चालणे खिशालाही मानवते. गृहस्थांकडे मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) असेल तर ते स्वीकारणारे डॉक्टर देशभर मिळतात; खासगी कंपनीमार्फतची मेडिकेअर अॅडव्हान्टेज योजना असेल तर तातडीचे उपचार सोडून राज्याबाहेर काय मिळते, हे निघण्याआधी फोन करून विचारा.

गाडीबाबत आता असे करा. मे महिन्यात २५ फुटांच्या आतले क्लास सी मोटरहोम एका आठवड्यासाठी भाड्याने घ्या आणि फक्त मुलीकडे जाऊन या. भाडे ठरवताना मैलांचा आणि जनरेटरच्या तासांचा वेगळा आकार विचारून घ्या. परत आल्यावर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर काय नको वाटले ते लिहा. आमच्या घरी सौ.च्या कागदावर पहिल्याच ओळीत 'दुधासाठी सगळे सोडवणे' असे होते. साइटचे आरक्षण मात्र गाडी ठरण्याची वाट पाहत थांबवू नका. केंद्र सरकारच्या बहुतेक जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर सहा महिने आधी खुल्या होतात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर बिग मेडोज हवे असेल तर एप्रिलच्या मध्यावर सकाळीच बसावे लागेल. अर्जात गाडीची लांबी विचारतात, तिथे तूर्त २५ फूट लिहा.