वाचकांचे प्रश्न : गाडीच्या एसीसाठी कोणती साधने घ्यावीत?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी २०१४ सालची आहे. दर उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या एसीत गॅस भरून घ्यावा लागतो आणि दिवाळीपर्यंत थंडावा पुन्हा कमी होतो. हे काम आता घरीच करावे असा विचार आहे. मेहुणे घरगुती एसीची कामे करतात. त्यांचे गेज (दाबमापक) आणि व्हॅक्यूम पंप वापरता येतील का? आणखी काय विकत घ्यावे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : एसीतला गॅस बंदिस्त नळ्यांतून फिरत असतो, तो वापरून संपत नाही. तो दर वर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे, म्हणून आपला पहिला खर्च गॅसच्या डब्यावर नव्हे, तर गळती शोधण्यावर व्हावा. गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर पडते आणि त्यावर धूळ चिकटते. रेडिएटरसमोरच्या कन्डेन्सरवर किंवा नळ्यांच्या जोडांवर असा काळपट, तेलकट डाग दिसला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. गॅस भरण्याच्या तोंडांतील पिनाही तशाच तपासाव्यात, कारण पीन स्वस्त असते आणि नेमके तिच्याकडेच कुणी पाहत नाही. एवढ्याने काही सापडले नाही तर गळतीच्या जागी चमकणारे अतिनील रंगद्रव्य आणि त्याची टॉर्च घ्यावी. गळती डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलची निघाली, तर मात्र ते काम कार्यशाळेकडे सोपवणेच शहाणपणाचे.

मेहुण्यांचा पंप चालेल, पण त्यातले तेल आधी बदलून घ्यावे. गेज मात्र स्वतंत्र घ्यावे. आपल्या गाडीत बहुधा आर-१३४ए गॅस असेल (बॉनेटखालच्या चिठ्ठीवर खात्री करावी) आणि त्या गॅससाठी गाडीवर खटक्याने बसणारी तोंडे असतात : कमी दाबाचे १३ मिलिमीटरचे, जास्त दाबाचे १६ मिलिमीटरचे. घरगुती गेजच्या नळ्यांना पाव इंची आट्यांची टोके असल्याने ती येथे बसत नाहीत, आणि अडॅप्टर लावून बसवली तरी नळीत उरलेला दुसरा गॅस व तेल आपल्या गाडीत जाण्याचा धोका राहतोच. अडॅप्टर लागेल तो पंपाकडे, कारण गाडीच्या गेजच्या पिवळ्या नळीचे टोक अनेकदा अर्धा इंची, अ‍ॅक्मी नावाच्या वेगळ्या प्रकारच्या आट्यांचे असते. दुकानात जाताना नळी सोबत न्यावी. सर्वाधिक पैसे वाया जातात ते अशा न जुळणाऱ्या आट्यांवर.

जोड उघडण्यापूर्वी उरलेला गॅस हवेत न सोडता कार्यशाळेतील यंत्राने काढून घ्यावा. उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग नवी हवी आणि ती एसीसाठीच्या एचएनबीआर रबराची हवी, नळदुरुस्तीच्या दुकानातली नव्हे. तिला एसीचे तेल लावून बसवावे आणि दोन पाने वापरून, एकाने नळी धरून, दुसऱ्याने नट आवळावा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची नळी पिळली जाते. ड्रायरही (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) नवा बसवावा. कॉम्प्रेसरवर लिहिलेल्या प्रतीचेच तेल घ्यावे आणि बाटली उघडी ठेवू नये, कारण हे तेल हवेतली आर्द्रता ओढून घेते व आपल्याकडच्या जुलैत तर फारच लवकर.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि येथे हवेचा दाबच कमी असल्याने निर्वात करताना, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा काढताना, काटा ३० इंचांच्या (पाऱ्याच्या) खुणेपर्यंत पोहोचत नाही, साधारण साडेअठ्ठावीसच्या आसपास थांबतो. तेवढ्यावरून पंपाला दोष देऊ नये. पंप पाऊण तास चालवून वाल्व बंद करावेत आणि अर्धा तास काट्यावर नजर ठेवावी. काटा परत शून्याकडे सरकू लागला तर गळती शिल्लक आहे, गॅस भरू नये.

गॅस भरण्यासाठी ग्रॅम दाखवणारा वजनकाटा अत्यावश्यक आहे. नवतप्यात ४५ अंशांना बंद गाडीचे दोन्ही काटे सुमारे १५० पीएसआय दाखवतात, आणि आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तरी हा आकडा तोच राहतो. केवळ काटा पाहून ‘गॅस भरलेला आहे’ म्हणणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. चिठ्ठीवर लिहिलेले वजनच प्रमाण मानावे. इंजिन चालू असताना गेजचा लाल (जास्त दाबाचा) वाल्व उघडू नये, कारण उलट दाबाने डबा फुटू शकतो. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे साधनांच्या यादीत पहिले असावेत.

प्रश्न : गळती आपोआप बुजवणारे द्रव्य गॅसबरोबर भरले तर चालेल का?
— एक वाचक, कामठी मार्ग, नागपूर

उत्तर : भरू नये. ते एक्स्पान्शन वाल्वच्या (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाच्या) बारीक छिद्रात साचू शकते, आणि असे द्रव्य भरलेली गाडी कळल्यास अनेक कार्यशाळा तिला आपले गॅस काढण्याचे यंत्र जोडण्यास नकार देतात. त्याच्या किमतीत बऱ्याच ओ-रिंग येतात.