मोर्चाला गेलेला लेक आणि अबोला धरलेलं घर

‘ताई, कोरोनामुळे कोर्टाची बंदी असताना आमचा मुलगा मित्राकडे जातो असं सांगून टाऊन हॉलच्या मोर्चाला गेला, कोठडीत मरणाऱ्या इथल्या आदिवासींसाठीच्या ब्लॅक लाइव्ज मॅटरच्या. घरात वयस्कर सासूबाई, आमचा सिटिझनशिपचा अर्ज अजून व्हायचाय. यजमानांनी अबोला धरलाय,’ असं जून २०२० मध्ये सिडनीतल्या वेस्टमीडहून एका आईने लिहिलं. तिला दिलेलं हे उत्तर.

भीती समजते हो. पण बातमी शेवटपर्यंत वाचलीत का? सिडनीत ५ जूनला सुप्रीम कोर्टाने मनाई केली. ६ जूनला दुपारी तीनच्या मोर्चाआधी जेमतेम पाव तास अपील कोर्टाने ती उठवली. म्हणजे तुमचा लेक बेकायदा मोर्चात चाललाच नाही. मेलबर्नच्या अशाच मोर्चाच्या आयोजकांना मात्र प्रत्येकी १६५२ डॉलर दंड झाला.

तरी तो घरातून निघाला तेव्हा मनाई होती, आणि त्याला ते ठाऊक होतं. माझं गाडं नेहमी इथेच अडतं. कायदेभंग लपूनछपून करायचा नसतो. मीठ उचलण्याआधी गांधीजींनी २ मार्च १९३० ला व्हाइसरॉयला पत्र लिहून कळवलं होतं. आणीबाणीत माझा मामा सत्याग्रहाला निघाला तो आजीच्या पाया पडून, पिशवीत टॉवेल आणि दोन सदरे घेऊन. आजीने त्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि त्याच पिशवीत बेसनाचे लाडू कोंबले. येरवड्याला गेला, पण घरी खोटं बोलून नाही.

तेव्हा मुलाचे कान धराच. पण त्याला खोटं का बोलावं लागलं? तुम्हीच लिहिता, ‘आपण परक्या देशात, आपल्याला काय करायचंय?’ इथला आदिवासी तरुण डेव्हिड डंगे २०१५ मध्ये लाँग बे तुरुंगात ‘श्वास घेता येत नाही’ म्हणत गेला. त्याच्या घरचे त्या मोर्चात होते. इथला पासपोर्ट हवा, मग इथल्या माणसांचं दुःख परकं कसं? पुढच्या वेळी मनाई असेल, तर अर्जावर काय परिणाम होईल ते आधी वकिलाला विचारा, दंड कोण भरणार ते ठरवा, आणि मग त्याला जाऊ द्यायचं की नाही यावर खुशाल भांडा. समोरासमोर.

सासूबाईंसाठी, कोरोनाचे दिवस आहेत म्हणून: चौदा दिवस त्याचं ताट वेगळ्या खोलीत, तोंडाला मास्क, घसा खवखवला तर लगेच टेस्ट.

मंडळाच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय म्हणता? फिरू दे. गणपती ऑनलाइन करायचा की नाही, यावरून तिथे लवकरच जुंपेल.