पावसात छाप सुकत नाहीत, मग रोज करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी सोडून गुहागरच्या आजोळी आलात, पडवीत टेबल मांडलंत, लिनो (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर छाप काढणं) आणि पेंटिंग दोन्ही रोज करायचं ठरवलंत आणि चार महिन्यांत दोन्हीतलं एकही धड होत नाही. त्यात जूनपासून कागदाला बुरशी. शेवटी विचारलंय, छपाईचं यंत्र, म्हणजे प्रेस, घेऊ का?

प्रेसचं आधी सांगून टाकते. नका घेऊ. निदान दोन वर्षं तरी नको. खाऱ्या हवेत त्या लोखंडाची सेवा करण्यातच सकाळ जाईल. हाताने घासून उत्तम छाप निघतात. आणि रंग नसल्याने अडतं असं वाटत असेल, तर चित्रकार नंदलाल बोसांचा 1930चा दांडीयात्रेचा लिनो पुन्हा बघा. काळा आणि पांढरा, बस. काठी घेऊन निघालेला म्हातारा माणूस तेवढ्यावर चालू लागतो.

मी वेंगुर्ल्याजवळ 14 वर्षं हेच करतेय. सुरुवातीला माझंही वेळापत्रक भिंतीवर होतं: सकाळी छपाई, दुपारी पेंटिंग. पहिल्याच आषाढात ते फाडलं. आपल्याकडे आजचं काम हवा ठरवते. सकाळी पेजेत घालायचं मीठ बरणीत चमच्याला चिकटलं की त्या दिवशी मी छापत नाही. मीठ मोकळं असेल तर शाईचा डबा उघडते. इतकं साधं आहे ते. रोज बसायचं हे नक्की, पण कशाला बसायचं ते मिठाला विचारायचं.

पावसाचे चार महिने कोरण्याचे. तेलाची शाई हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होते. दमट, कोंदट हवेत ती रेंगाळते. थंडीत चार-पाच दिवसांत सुकणारा छाप श्रावणात दोन आठवडे बोटाला लागतो. लिनोला मात्र पावसाचं काही नाही. जुलैच्या गारठ्यात तो जरा कडक होतो, भुगा पडतो, म्हणून मी गरम पाण्याची पिशवी पाच मिनिटं त्यावर ठेवते. मग पटाशी लोण्यात चालावी तशी चालते. कोरण्याआधी 10 मिनिटं धार, ही माझी रोजची पूजा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. डावा हात कायम पात्याच्या मागे. माझ्या तर्जनीवरची खूण याच गोष्टीची आहे. काम झाल्यावर पात्यांना शिलाई मशीनचं तेल, नाहीतर दोन दिवसांत तांबेरा.

शेजारची काकी पहिली काही वर्षं विचारायची, "गो बाय, दिसभर ह्या काय खरवडत बसतंस?" आता तिच्या खळ्यात माझे कागद सुकतात. एकदा तिच्या चुलीवरच्या माळ्यावरही सुकवले होते. ऊब छान होती, पण शेजारी सुकट टांगलेली. तो संच विकताना मी गिऱ्हाइकाला काही बोलले नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, दोन्ही कसं जमवायचं. माझ्या मते ही दोन कामं आहेत असं धरलंत तिथेच चुकलं. पेंटिंगमध्ये मन चालढकल करू शकतं, वरून अजून एक थर चढवता येतो. ठशात रेघ ठेवायची किंवा काढायची, आणि काढलेली परत येत नाही. म्हणून मी कोरण्याआधी गुवाशमध्ये (पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग) तळहाताएवढी चित्रं करते, तीनच छटांत. अशी आठ-दहा झाली की एक लिनोवर जातं. अर्धं कोरून झालं की एक कच्चा छाप काढते आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगाने चक्क पेंटिंग करते: हा माड काढला तर? होडीची ही कड उजळली तर? पटलं तरच पटाशी उचलायची. फसलेले छाप फेकत नाही, त्यांच्यावर पुढची पेंटिंगं सुरू होतात. काळ्यावर रंग चढवताना हात आपोआप धीट होतो. (गुवाशच्या वड्यांनाही पावसात बुरशी धरते. ओल्या करायच्या पाण्यात लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाका.)

छपाई दिवाळीनंतर. काचेवर शाई पसरताना रोलरचा आवाज ऐका. बारीक चरचर यायला हवी, मंद आचेवरच्या फोडणीसारखी. चिकट चटक-चटक आवाज आला तर शाई जास्त झाली, बारीक रेघा बुजणार. कागद पातळ आणि लांब धाग्यांचा हवा. मी नेपाळी लोकता कागद वापरते, पुण्याचा हातकागदही चालतो, फक्त जाड घेऊ नका. घासायला बाजारात बारेन (छाप घासायची सपाट गोल गादी) मिळते, पण माझ्याकडे पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी आहे. तिची पाठ तळहाताच्या दाबाला बरोबर बसते. मधून सुरुवात करून कडांकडे यायचं, एक कोपरा उचलून बघायचा, दुसरा हात घट्ट. दोन रंगांचं काम असेल तर दोन्ही शक्यतो एकाच हवेत छापा. ओल्या हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. पहिला रंग पावसात आणि दुसरा थंडीत छापलात तर रंग जुळवायच्या खुणा कितीही नीट असोत, माड आपल्या सावलीपासून सुटणार.

दहा-पंधरा छापांनंतर कंटाळा येईल. तेव्हा एकदा सावंतवाडीच्या राजवाड्यात जाऊन गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवणारे कारागीर बघून या. दशावतारी संचात 120 पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी 12. तोच मत्स्य, तोच कूर्म, दर संचात पुन्हा. तरी नीट बघितलंत तर एकाही माशाचा डोळा दुसऱ्यासारखा नसतो. मी परत आले आणि उरलेले छाप काढले.

बुरशीचं: माझा पहिला 20 छापांचा संच मी जपून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवला. गणपतीत उघडला तर सगळ्यांवर तपकिरी ठिपके. प्लॅस्टिकने ओल आतच कोंडली होती. आता मधे कोरे कागद घालून, प्लॅस्टिकशिवाय, भिंतीपासून दूर कपाटात ठेवते. सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला गरम करून परत आत. आणि उघडीप पडली की सगळं बाहेर, पापड वाळत घालावेत तसं, पण सावलीत.

हो, एक राहिलं. जवसाच्या तेलाची शाई पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना गरम होतं आणि चुरगळलेलं फडकं आपसूक पेट घेऊ शकतं. दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. तुमची पडवी लाकडी आहे म्हणालात, म्हणून हे आजच करा.