मालिका आणि जाहिराती खरंच आपली ओळख ठरवतात का? (एका पटवेकऱ्याच्या मुलीचं उत्तर)

तुम्ही विचारलंय : "माझं लग्न ठरलंय. दागिने, साडी, समारंभ, सगळ्याची यादी माझ्या डोक्यात तयार आहे. पण यातलं माझ्या स्वतःच्या आवडीचं किती आणि मालिका, जाहिराती, रील्स बघून आलेलं किती, हेच कळेनासं झालंय. माणूस कोण आहे हे या गोष्टी ठरवतात का?"

आधी मनापासून अभिनंदन. मी उत्तर मंगळसूत्रावरून देणार आहे, कारण लहानपणापासून मी ती एकच वस्तू सगळ्यात जवळून पाहिली आहे. माझे वडील पटवेकरी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सराफाच्या दुकानाबाहेर, ओट्यावर बसून ते दागिने गाठवायचे. वाट्या, डोरलं (काही घराण्यांत वाट्यांऐवजी असतं ते सोन्याचं पदक), सोन्याचे मणी घडवायचे ते सोनाराने. ते काळ्या मण्यांबरोबर दोऱ्यात ओवून, गाठी मारून गळ्यात घालण्याजोगं करायचं ते पटवेकऱ्याने. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून ते काम चालायचं. आता त्याच गावात माझं मण्यांचं आणि एक ग्रॅमच्या दागिन्यांचं छोटं दुकान आहे.

वडिलांकडे येणाऱ्या बाईला "कोणतं डिझाइन हवं?" असं कुणी विचारत नसे. "सोनं किती आहे?" एवढंच विचारायचे. वाट्या की डोरलं, हे घराण्यात आधीच ठरलेलं असायचं. दोन वाट्या असतील तर एक माहेरची, एक सासरची. पोत किती पदरी, मध्ये सोन्याचे मणी किती, हे ऐपतीवर. पीक चांगलं आलं की चार मणी वाढायचे, अडचण आली की तेच मणी काढून मोडीत जायचे आणि दोऱ्यात नुसते काळे मणी उरायचे. बाईच्या गळ्यावरून घरची परिस्थिती वाचता यायची. जातही वाचता यायची, हे विसरायला नको.

२०१३मध्ये झी मराठीवर 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली. त्यातल्या जान्हवीच्या गळ्यात एक लांब मंगळसूत्र होतं. काही महिन्यांत बायका दुकानात येऊन नुसतं "जान्हवीचं द्या" म्हणू लागल्या. वाट्या, डोरलं, पदर, काही बोलायचं कारणच उरलं नाही. पुढच्या वर्षी 'जय मल्हार' आली आणि 'बानू नथ' मागायला लागल्या. जेजुरीच्या खंडोबाची बानाई वाघ्या-मुरळींच्या गाण्यांतून कितीतरी पिढ्या आपल्या ओळखीची, पण तिच्या नावाची नथ मी त्याआधी कधी विकली नव्हती.

हे इतकं का चालतं, याचा मी गल्ल्यावर बसून बराच विचार केला आहे. सिनेमा आपण एकदा बघतो. मालिका रोज ठरलेल्या वेळी घरात येते, जेवणाच्या ताटासमोर, दोन-दोन तीन-तीन वर्षं. भावनेचा प्रसंग आला की कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो, आणि चेहऱ्याजवळ गेला की गळा आपोआप दिसतो. सख्ख्या नणंदेचं मंगळसूत्र आपण इतक्या वेळा इतक्या जवळून पाहिलेलं नसतं. शिवाय ती बाई सोसणारी, समजूतदार, सगळ्यांना धरून ठेवणारी असते. घरात कुणी ज्या गोष्टीचं कौतुक करत नाही, त्याचं तिथे रोज कौतुक होतं. मंगळसूत्र मागणारी बाई दागिन्याबरोबर ते कौतुकही मागत होती. यात तिची काही चूक आहे असं मला कधीच वाटलं नाही. मीही तेव्हा तसलं एक गळ्यात घातलं होतं आणि ते घालून मला खरोखर आनंद झाला होता.

पण एक गोष्ट मनाला लागली. मी माल मुंबईच्या भुलेश्वर बाजारातून आणते, आणि तिथे येणाऱ्या नकली दागिन्यांतला पुष्कळसा राजकोटकडे घडतो. तिथला कारागीर कुशल आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण एक साचा तयार झाला की त्यातून हजारो नग निघतात आणि 'पारंपरिक मराठमोळं' अशी चिठ्ठी लावून नाशिकला, सोलापूरला, सावंतवाडीला एकच नग जातो. दहा वर्षांत तोच 'आपला' होतो. गेल्या वर्षी एक मुलगी आजीचं डोरलं घेऊन आली आणि म्हणाली, "हे आपल्यातलं नाही वाटत, हे बदलून वाटीचं करता येईल का?" डोरलं तिच्याच घराण्यातलं होतं. चार पिढ्या त्या घरातल्या बायकांनी ते घातलं होतं. पडद्यावर दिसलं नाही म्हणून ते तिला परकं वाटत होतं.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर इथे आहे. माध्यमं आपल्याला कोरी पाटी समजून काही नवीन लिहीत नाहीत. आपल्याकडे असलेल्या दहा गोष्टींतली एक उचलतात, तिला चांगला प्रकाश देतात आणि तीच विकत परत देतात. उरलेल्या नऊ कुणी हिसकावून घेत नाही. त्या दिसेनाशा होतात, आणि जे दिसत नाही ते आपलं वाटत नाही.

आता यात काही चांगलंही झालं, आणि ते मी ठामपणे सांगेन. गळा बघून जात ओळखण्याचे दिवस कमी झाले. जान्हवीचं मंगळसूत्र पाटलांच्या सुनेनेही घातलं आणि वडिलांच्या काळात सराफाच्या ओट्याखाली उभं राहून बोलणाऱ्या घरातल्या सुनेनेही घातलं. दोघी माझ्या दुकानात एकाच बाकावर बसून भाव करत होत्या. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणणाऱ्यांनी त्या ओट्याखाली उभं राहून बघावं.

साखरपुड्याचं उदाहरण बघा, तुमच्या यादीत तो असेलच. नावातच साखरेचा पुडा आहे. मुलीची ओटी भरायची, साडी द्यायची, साखर वाटायची, झालं. आता अंगठी नसेल तर साखरपुडा झाला असं कुणाला वाटत नाही, आणि शहरात ती हिऱ्याची हवी. लग्न ठरलं की हिऱ्याची अंगठी, ही रीत अमेरिकेतसुद्धा घरोघर पोहोचली ती जाहिरातींमुळे. डी बीअर्स कंपनीने १९३०च्या दशकाच्या अखेरीस तिथे मोहीम सुरू केली आणि 'हिरा म्हणजे कायमचा' या अर्थाची तिची ओळ १९४७ सालची. एका कंपनीची विक्रीची गरज दोन-तीन पिढ्यांत प्रेमाची खूण होऊन बसली. मेहंदी आणि संगीताचं मी वेगळं लिहीत नाही, ते तुम्ही पाहताच आहात.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो मालिकेतलं मंगळसूत्र तुटतं तेव्हा. वारा सुटतो, दिवा विझतो, मणी फरशीवर घरंगळतात आणि तीनदा तिचा चेहरा दाखवतात. आमच्या धंद्यात दोरा झिजणं ही रोजची गोष्ट. बायका 'तुटलं' म्हणतसुद्धा नाहीत, 'वाढलं' म्हणतात. बांगडी फुटली तरी 'वाढवली'. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून भाषेनेच सोय करून ठेवली आहे. वडील म्हणायचे, "वाढलंय ना, मग ओवू या." हल्ली एखादी सुशिक्षित नोकरदार मुलगी दुकानात येते ती रडवेली होऊन. नवऱ्याला तीन फोन करून झालेले असतात. ही भीती तिला आजीने दिलेली नाही.

आणि ज्या बाईचा नवरा खरंच गेला आहे तिच्या गळ्याचं काय, हे पडद्याने क्वचितच विचारलं. ते विचारलं कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने. मे २०२२मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठराव झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं बदलतं असं नाही. पण 'आपल्यात असं असतं' हे वाक्य माणसं एकत्र बसून बदलू शकतात, त्याला कुठली कंपनी आणि कुठली वाहिनी लागत नाही, हे मला तिथे दिसलं.

तुमच्या यादीचं काय करायचं, तर ती फाडू नका. रीलमध्ये पाहिलेली नथ आवडली असेल तर खुशाल घ्या. नाक टोचलेलं नसेल तर चापाचीही मिळते. फक्त खरेदीला जाण्याआधी आई, आजी आणि होणाऱ्या सासूबाई यांच्याजवळ एकेक दुपार बसा. त्यांच्या गळ्यात लग्नात काय होतं, कुणी गाठवलं होतं, त्यातलं काय कधी मोडलं आणि कशासाठी, हे विचारा. माझ्या दुकानात हे विचारून आलेल्या मुली वेगळ्या कळतात. काही जणी नवंच घेतात, काही जुनं उजळून घेतात, पण त्यांना "ट्रेंडमध्ये काय आहे?" असं मला विचारावं लागत नाही.

डोरलं घेऊन आलेल्या त्या मुलीला मी आजीला घेऊन यायला सांगितलं होतं. आठवड्याने दोघी आल्या. आजींनी सांगितलं, की दुष्काळात, १९७२ साली, घरातलं सगळं सोनं गेलं पण हे डोरलं सासूबाईंनी विकू दिलं नव्हतं. मुलीने ते आहे तसंच ठेवलं. दोरा तेवढा नवा घालून घेतला आणि ऑफिसला घालता यावं म्हणून पोत आखूड करून घेतली.