घर तपासताना : उदबत्ती, ओळंबा आणि म्हातारी फर्नेस

अमेरिकेतल्या वाचकांकडून या खेपेला आलेली पत्रं बहुतेक जुन्या घरांबद्दलची आहेत. निवडक चार घेतली आहेत.

प्रश्न : एडिसनजवळ १९६२ सालचं घर घेतोय. इन्स्पेक्शनचा अहवाल साठ पानी आला. त्यात गॅस फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) २३ वर्षांची, ‘आयुष्य संपत आलेलं’ असा शेरा आहे. विकणारा म्हणतो, चालतेय की! वकील म्हणतात, नवी मागा. कुणाचं ऐकावं? (न्यू जर्सी)

उत्तर : अजून कुणाचंच नको. गॅस फर्नेसचं आयुष्य साधारण १५ ते २० वर्षं धरतात. इन्स्पेक्टर पाटीवरच्या सिरियल नंबरावरून वय काढतो आणि हा शेरा मारतो. वय हा दोष नव्हे. पण ‘चालतेय’ हाही पुरावा नव्हे, कारण तडा गेलेली फर्नेससुद्धा घर छान गरम करते.

तडा जातो तो हीट एक्सचेंजरला. ही पत्र्याची पोकळ नळकांडी असतात. आतून जाळाचा धूर जातो, बाहेरून तुमच्या खोल्यांत जाणारी हवा, आणि दोघांच्या मध्ये फक्त तो पत्रा. तापला की फुगतो, निवला की आकसतो. वर्षानुवर्षं हे चाललं की वळणांवर आणि सांध्यांवर तो फाटतो. हवा कमी पडत असेल तर लवकर फाटतो : फिल्टर धुळीने बुजलेला, एक इंची खाचेत फार दाट विणीचा फिल्टर कोंबलेला, किंवा ‘गॅस वाचेल’ म्हणून रिकाम्या खोल्यांचे व्हेंट (गरम हवेचे झरोके) बंद केलेले. ही शेवटची सवय आपल्या मंडळींत फार. त्याने गॅस फारसा वाचत नाही, पत्रा मात्र जास्त तापतो.

इन्स्पेक्टर दिसतं तेवढंच बघतो, मशीन खोलत नाही. म्हणून हीटिंगचा तंत्रज्ञ वेगळा बोलवा आणि त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या. पहिली, फर्नेस १५ मिनिटं चालल्यावर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक. पाटीवर त्याची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ४० ते ७० अंश फॅरनहाइट. फरक त्याच्या वर गेला, तर हवा कमी पडतेय. दुसरी, धुरातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बिनवासाचा विषारी वायू. जादा हवेचा हिशेब वजा करून तो ४०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४०० भाग) आत हवा. तिसरी, हीट एक्सचेंजरच्या आत कॅमेरा घालून काढलेले फोटो. ‘तडा आहे, आजच बदला’ असं सांगणाराच नवी फर्नेस विकणारा असतो, त्यामुळे फोटो मागायला संकोच नको.

एक गोष्ट तुम्हालाही बघता येते. जुन्या उघड्या बर्नरच्या फर्नेसमध्ये आधी जाळ पेटतो आणि थोड्या वेळाने पंखा सुरू होतो. जाळ निळा, स्थिर हवा. पंखा सुरू होताक्षणी तो थरथरला, एका बाजूला झुकला किंवा पिवळा झाला, तर पंख्याची हवा कुठून तरी आत शिरतेय.

तडा निघाला तर किमतीत सूट मागा, विकणाऱ्याकडून नवी बसवून घेऊ नका. घर सोडून जाणारा माणूस सर्वांत स्वस्त यंत्र आणि सर्वांत स्वस्त कारागीर शोधणार. तडा नसेल, तर वयापोटी थोडी घासाघीस करा आणि एक-दोन हिवाळ्यांत ती बदलावी लागेल असं धरून पैसे बाजूला ठेवा.

प्रश्न : गेल्या वर्षी जुनी फर्नेस काढून ९५ टक्के कार्यक्षमतेची बसवली. फोडणीचा वास घरभर राहतो म्हणून स्वयंपाकघरात चुलीवर ९०० सीएफएमचा (मिनिटाला ९०० घनफूट हवा खेचणारा) रेंज हूडही लावला. आता बेसमेंटमध्ये कुबट, गरम वास येतो आणि वॉटर हीटरच्या डोक्यावर गंज दिसतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कधी वाजलेला नाही. (मिशिगन)

उत्तर : या खेपेचं सर्वांत तातडीचं पत्र हेच. दोन्ही खरेदी आपापल्या जागी चांगल्या आहेत, पण एकत्र आल्या की तुमचा वॉटर हीटर धूर घरात सोडू शकतो.

आधी फर्नेस आणि वॉटर हीटर एकाच विटांच्या धुराड्यात धूर सोडत होते. नवी फर्नेस पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर सोडते. धुराड्यात उरला एकटा हीटर. धंद्यातले लोक त्याला ‘अनाथ’ वॉटर हीटरच म्हणतात. फर्नेस एक लाख बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) असेल तर हीटर चाळीसएक हजाराचा. दोघांच्या मापाचं धुराडं एकट्याला ढगळ होतं. धूर वर चढेपर्यंत थंड होतो, त्यातली वाफ विटांवर आम्लासारखी साचते, सांध्यांतला चुना भुगा होऊन पडतो आणि धुराचा ओढा मंदावतो. गंज त्या वाफेचाच.

त्यात तुमचा हूड. हिवाळ्यात बंद केलेल्या घरातून तो हवा उपसतो, तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. सर्वांत सोपी वाट म्हणजे तेच मोकळं धुराडं, वरून खाली. वर जाणारा धूर मग उलटा बेसमेंटमध्ये उतरतो.

हीटरच्या माथ्यावर, गार आणि गरम पाण्याच्या पाइपांच्या बुडाशी, लाल-निळ्या प्लास्टिकच्या चकत्या असतात. त्या मऊ होऊन वाकल्या असतील, तर गरम धूर तिथे पसरून गेला आहे.

मग चाचणी करा. गॅसचा वास येत असेल तर मुळीच करू नका. बाहेर पडा आणि गॅस कंपनीला फोन करा. वास नसेल तर दारं, खिडक्या आणि फायरप्लेसची झडप बंद करा. कपड्यांचा ड्रायर, बाथरूमचे पंखे आणि हूड पूर्ण वेगाने लावा. गरम पाण्याचा नळ सोडून हीटर पेटू द्या आणि पाच मिनिटं थांबा. हीटरच्या डोक्यावर जिथे धुराचा पाइप सुरू होतो तिथे एक उघडी टोपी असते. तिच्या कडेला पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला किंवा नुसता घोटाळत राहिला, तर हूड आणि हीटर लगेच बंद करा, खिडक्या उघडा आणि दुरुस्ती होईपर्यंत हूड लावू नका.

अलार्म वाजला नाही यावर भिस्त ठेवू नका. घरगुती अलार्म ७० पीपीएमला तासाभरानंतर, कधी चार तासांनी वाजण्यासाठीच बनवलेला असतो. त्याहून कमी धूर रोज आला तर तो गप्पच राहील. बटण दाबल्यावर भोंगा वाजतो, त्याने भोंगा ठीक असल्याचं कळतं, आतल्या सेन्सरचं नाही. अलार्मच्या पाठीवरची तारीख बघा, ती उलटली असेल तर नवा आणा. कमी पातळीही दाखवणारा मॉनिटर मिळतो, तो बेसमेंटमध्ये आणि झोपायच्या खोल्यांजवळ लावा.

कायमच्या उपायांत स्वस्त म्हणजे हीटरच्या मापाचं धातूचं लायनर, म्हणजे अस्तराचा पाइप, धुराड्यात उतरवणं. हीटर दहाएक वर्षांचा झाला असेल तर लायनरवर खर्च करण्यापेक्षा इलेक्ट्रिक किंवा हीट पंपाचा (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा) घ्या, म्हणजे धुराचा प्रश्नच मिटतो. हूडसाठी बाहेरची हवा आत घेणारी, हूडबरोबर आपोआप उघडणारी झडप बसवा. ज्याचा धूर पंख्याशिवाय, आपोआप वर चढतो असं उपकरण घरात असेल आणि हूड ४०० सीएफएमच्या वरचा असेल, तर आंतरराष्ट्रीय निवासी बांधकाम संहितेलाही ती अपेक्षित आहे. ज्याने हूड लावला त्याने हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

एरवी फोडणीला ९०० लागतात कुठे? मागच्या बर्नरवर कढई ठेवा आणि मोहरी तडतडायच्या आधी हूड कमी वेगावर लावा. पुढच्या बर्नरवर पूर्ण वेगापेक्षा धूर चांगला पकडला जातो.

प्रश्न : बघितलेल्या १९५८ सालच्या घराच्या बेसमेंटला, काँक्रीट ब्लॉकच्या भिंतीत, मधोमध आडवी भेग आहे आणि कोपऱ्यात पायऱ्यांसारखी. भिंतीला पांढरे क्षार फुटलेत. शेजारची भिंत मात्र नुकतीच रंगवली आहे. (ओहायो)

उत्तर : भेगेची दिशा बघा. ओतीव काँक्रीटमधली उभी, केसाएवढी भेग बहुधा काँक्रीट आकसल्याची असते. ब्लॉकच्या भिंतीतली आडवी भेग म्हणजे बाहेरची ओली माती भिंतीला आत ढकलतेय, आणि थंडीत ती गोठून फुगली की जोर आणखी वाढतो.

भिंतीच्या वरच्या टोकाला दोरी लावून ओळंबा सोडा आणि दर फुटावर दोरीपासून भिंतीचं अंतर मोजून लिहून काढा. मधल्या आकड्यांवरून पोट किती सुटलंय ते कळेल. दोन इंचांपर्यंतच्या फुगवट्याला बरेचदा कार्बन फायबरच्या पट्ट्या लावतात, त्यापुढे लोखंडी खांब किंवा मातीत रोवलेले अँकर लागतात. निर्णय मात्र स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा असू द्या, वॉटरप्रूफिंग विकणाऱ्याचा नको.

पाणी बाहेरच वळवलं नाही तर आतले सगळे उपाय वाया. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस म्हणजे सहाशेहून जास्त गॅलन पाणी, आणि ते पन्हळीतून पायाशीच ओतलं जातं. पन्हळीचा पाइप निदान सहा फूट दूर न्या आणि जमिनीला भिंतीपासून दहा फुटांत सहा इंच उतार द्या. शेजारची भिंत का रंगवली, ते विकणाऱ्याला लेखी विचारा. त्या रंगाखालीही क्षार असतील, तर काही महिन्यांत पोपडे सुटतील.

प्रश्न : भाड्याच्या जुन्या घरात खोल्या गरम करायला वाफेचे रेडिएटर आहेत. पहाटे कुणी हातोडा मारावा तसा आवाज होतो. (बॉस्टन)

उत्तर : वाफेचं निवून पाणी होतं, ते परत न जाता रेडिएटरमध्ये साचतं आणि नवी वाफ त्या पाण्याला पाइपावर आदळवते. एकच पाइप असलेल्या रेडिएटरला व्हॉल्व्हच्या दिशेने उतार हवा. स्पिरिट लेव्हल ठेवून बघा आणि रेडिएटर थंड असताना व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाच्या पायांखाली पाव इंचाची लाकडी पट्टी सारा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवा; अर्धवट उघडा ठेवलात तर हातोडा वाजणारच.

आवाज तरीही राहिला तर घरमालकाला बॉयलरचा दाब बघायला सांगा. घरगुती वाफेला दोन पीएसआयच्या (चौरस इंचाला दोन पौंड) वर दाब लागत नाही. बॉयलरच्या काचनळीत पाणी गढूळ तपकिरी असेल किंवा दर आठवड्याला नवं भरावं लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ताज्या पाण्यातला ऑक्सिजन बॉयलर आतून खातोय. आणि बेसमेंटच्या पाइपांवर पन्हळीदार पुठ्ठ्यासारखं पांढरं वेष्टन असेल तर त्याला हात लावू नका, झाडूही मारू नका. ते अ‍ॅसबेस्टॉस (ज्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात) असण्याची शक्यता मोठी, आणि त्याची तपासणी करून घेणं मालकाचं काम.