मनातलं विचारा: ‘मुलाला कोणत्या डॉक्टरला दाखवू?’

या महिन्याच्या पत्रांमध्ये चार पत्रं एकाच विषयावरची, म्हणजे मुलाला मुलगे किंवा मुलीला मुली आवडणं नाहीतर वागणं चारचौघांपेक्षा वेगळं असणं याबद्दलची, निघाली म्हणून सगळी जागा त्यांनाच दिलीये. पत्रं कोणाची ते ओळखू येऊ नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

प्रश्न: मॅडम, सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय. मुलगा १६ वर्षांचा, अकरावी सायन्सला आहे. दिवाळीनंतर ह्यांनी त्याचं मोबाईलवरचं चॅटिंग वाचलं, विचारलं तर रडत म्हणाला मला मुलींबद्दल तसं काही वाटत नाही, मुलंच आवडतात. तेव्हापासून ह्यांनी बोलणं टाकलंय आणि मोबाईल काढून घेतलाय. पोरगं धड जेवत नाही, रात्रभर टक्क जागं असतं, कॉलेजचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणतं. नणंदेने एका डॉक्टरचं नाव सांगितलंय, ते म्हणे गोळ्या आणि संमोहन देऊन अशी मुलं सहा महिन्यांत नीट करतात. पैशाची तयारी आहे पण मला भीती वाटते. कुठे दाखवू त्याला?

उत्तर: ताई, त्या डॉक्टरकडे नेऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी.

मुलगा गे असणं, म्हणजे त्याला मुलंच आवडणं, हा आजारच नाही, त्यामुळे त्यावर गोळी असायचा प्रश्न येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच हे आजारांच्या यादीतून काढलं, आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, २०१८ मध्ये तेच जाहीरपणे सांगितलं, आणि मद्रास हायकोर्टाच्या एका केसनंतर नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये असं ‘बदलून देणं’ हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. म्हणजे जो सहा महिन्यांची गॅरंटी देतोय त्याचीच तक्रार मेडिकल कौन्सिलकडे करता येते. संमोहन, शॉक, अंगारा, घाईघाईत ठरवलेला साखरपुडा, लोक काय काय करतात, आणि शेवटी मुलगा असतो तसाच राहतो, फक्त आता त्याला स्वतःचीच किळस यायला लागलेली असते आणि आईबापावरचा विश्वास उडालेला असतो.

दाखवायचं आहे ते झोप, भूक आणि पोटदुखी यासाठी, आणि ते लवकर दाखवा. ही पोटदुखी नाटक नाही, इतके दिवस टेन्शनमध्ये असलेल्या पोराचं शरीर असंच बोलतं. आधी नेहमीच्या डॉक्टरकडून तपासून घ्या, मग सायकियाट्रिस्ट किंवा काउन्सिलर. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच सरळ विचारायचं की मुलगा गे आहे, तुम्ही ते बदलायचा प्रयत्न करता का? समोरून ‘करून बघू’ आलं की फोन ठेवून द्यायचा. जवळपास कोणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःसाठी पण लावू शकता आणि लावाच.

आता जरा अवघड बोलते. त्याला एकट्याला गाठून विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का रे कधी?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं ही समजूत चुकीची आहे, उलट कोणीतरी विचारलं म्हणून पोरं मोकळी होतात. हो म्हणाला तर ओरडू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि तो काहीही म्हणाला तरी शेतावरची फवारणीची औषधं, तणनाशक, उंदराचं औषध आजच्या आज कुलपात जाऊ दे, किल्ली तुमच्याकडे. आपल्या खेड्यातल्या घरात मला सगळ्यात जास्त धास्ती त्या गोठ्यातल्या फळीवरच्या बाटलीची वाटते, कारण असा विचार पुष्कळदा थोड्या वेळापुरताच तीव्र असतो आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे त्यावर सगळं ठरतं.

आता तुमच्या ह्यांच्याबद्दल. अमेरिकेत २००९ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, ज्या गे मुलांना आणि लेस्बियन, म्हणजे मुलीच आवडणाऱ्या, मुलींना घरच्यांनी फार झिडकारलं त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण न झिडकारलेल्या किंवा अगदी कमी झिडकारलेल्या मुलांपेक्षा आठ पटीहून जास्त निघालं. तिकडची घरं वेगळी हे मान्य, पण अबोला धरलेल्या बापाच्या घरात पोराचं काय होतं हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. त्यांना आज सगळं पटलंच पाहिजे असं नाही हो, पण ताटावर शेजारी बसून ‘भाकरी घे अजून एक’ एवढं म्हणायला पटायची काय गरज आहे? राग, शरम, लोक काय म्हणतील, हे सगळं त्यांनी पोरासमोर न काढता दुसऱ्या पालकांजवळ काढावं, ‘स्वीकार’ नावाचा अशा मुलांच्या आईवडिलांचाच ग्रुप आहे, मुंबईत सुरू झालेला, तिथे हेच सगळं भोगलेले बाप भेटतील. आणि हे तुमच्या लाडाने झालं, बहिणीत वाढल्याने झालं असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, तसं काही नसतं.

मोबाईल परत द्या. कदाचित त्याच्याशी समजून बोलणारी दोनच माणसं असतील आणि ती त्या फोनमध्ये असतील. नणंदेला प्रेमाने पण स्पष्ट सांगा की विषय घरात संपला, कोणाला कळवायचं ते आता त्यालाच ठरवू दे.

प्रश्न: मी १६ वर्षांचा आहे. वय खोटं टाकून एका डेटिंग ॲपवर होतो. एक माणूस, बराच मोठा आहे, त्याला भेटलो, आमच्यात सगळं झालं, नंतर मला नको होतं तरी त्याने ऐकलं नाही. आता फोटो आणि स्क्रीनशॉट घरी पाठवीन म्हणून पैसे मागतोय. ५ हजार दिलेत. परवाचीच गोष्ट आहे. पोलिसांनी मलाच पकडलं तर?

उत्तर: नाही पकडणार बाळा. अठराच्या आतल्या मुलाशी मोठ्या माणसाने असं करणं हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, मुलगा असो की मुलगी, आणि तू वय खोटं टाकलंस म्हणून त्याचा गुन्हा तुझ्या डोक्यावर येत नाही. तुझं पत्र मिळाल्या मिळाल्या तुला ईमेलवर कळवलं होतंच, तेच इथे परत लिहिते कारण हे वाचणारा तू एकटा नाहीस.

पहिली गोष्ट घड्याळाची. कंडोम नसेल तर एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, २८ दिवस घ्यायच्या. सिव्हिल हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, किंवा कॅज्युअल्टीत मिळतात. दुखत असेल, रक्त येत असेल तर तेही सांग, डॉक्टरला त्यात नवीन काही नसतं. मोठं माणूस बरोबर लागेल, आई नको तर मामा, मावशी, एखादे सर, जो आधी ऐकेल आणि मग बोलेल असा. कोणीच नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लाव.

पैसे आता एक रुपया देऊ नकोस, दिले की मागणी वाढते. चॅट उडवू नकोस, तोच पुरावा आहे, स्क्रीनशॉट काढून ठेव. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या नंबरवर आणि सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार करता येते. एक मात्र आधीच सांगते, कुठल्याही डॉक्टर, काउन्सिलरला अशी गोष्ट कळली की कायद्याने ती पोलिसांना कळवावीच लागते, त्यांनी विश्वासघात केला असं समजू नकोस.

प्रश्न: मी झेडपीच्या शाळेत आठवीचा वर्गशिक्षक आहे. एका मुलाचं बोलणं चालणं जरा मुलीसारखं आहे, पोरं त्याला बायल्या, छक्का म्हणतात. तो दिवसभर लघवीला जात नाही आणि डबा पण मधल्या सुट्टीत वर्गातच खातो. त्याला थोडं मुलांसारखं वागायला शिकवलं तर त्रास कमी होईल का?

उत्तर: सर, लघवीचं तुमच्या लक्षात आलं हे फार मोठं आहे, बहुतेकांच्या येत नाही. अशी मुलं मुतारीत मार बसतो म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीला जळजळ, डोकेदुखी, उन्हाळ्यात चक्कर. त्याला तासाच्या मध्ये जायची परवानगी द्या, किंवा स्टाफचं टॉयलेट वापरू दे, उद्यापासून.

शिकवायचं तर त्या बाकीच्या पोरांना शिकवा. त्याच्या चालण्यात बिघडलेलं काही नाही. तो पुढे गे असेल, ट्रान्स असेल म्हणजे मनातून स्वतःला मुलगी मानत असेल, यातलं काहीच नसेल, आत्ता ते ठरवायची घाई कोणाला आहे? वर्गात शिवी ऐकू आली की तिथेच थांबवा, दर वेळी, हसण्यावारी न नेता. आणि स्टाफरूममध्ये कोणी त्याची नक्कल करत असेल तर तिथेही, ते जास्त अवघड आहे मला माहितीये. त्याच्या घरी मात्र ‘तुमचा मुलगा असा आहे’ म्हणून निरोप देऊ नका, पाठीवर वळ उठायला तेवढं पुरतं.

प्रश्न: नागपूरहून, वय १७, बारावी. मला माझी मैत्रीण आवडते, म्हणजे तसंच. घरी सांगावं की नाही? एखादा बॉयफ्रेंड करून बघितला तर फरक पडेल का? घरी परीक्षेनंतर स्थळं बघायचं चाललंय.

उत्तर: फरक पडणार नाही, आणि त्या बिचाऱ्या मुलाचा काय दोष.

सांगणं ही काही तुझी ड्युटी नाही गं. लपवलं म्हणजे खोटं वागले असं पण मनात आणू नकोस. राहणं, खाणं, फी, सगळं घरच्यांच्या हातात असताना सांगायचं की नाही हे त्यांचा स्वभाव बघून ठरव. टीव्हीवर असा विषय निघाला की बाबा काय बोलतात, दादाचा हात चालतो का, एवढ्यावरून अंदाज येतो. मारहाणीची, घरात कोंडायची भीती असेल तर आत्ता थांब, परीक्षा दे, शक्य असेल तर बाहेरगावच्या कॉलेजला ॲडमिशन घे. पण अगदी कोणालाच नाही असं करू नकोस, एक तरी माणूस हवं. तुझ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, १० ते १९ वयासाठी, तिथल्या ताईशी बोलायला आईला काय कारण सांगू असं वाटलं तर पाळीचं सांग, पाळीच्या तक्रारी तिथे बघतातच.

स्थळांचं. अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, तसं दिसलं तर १०९८. अठरानंतर तुझ्या मर्जीशिवाय कोणी लावू शकत नाही, पण कायदा एकीकडे आणि मामा मावश्यांचा घेराव एकीकडे, म्हणून ‘मला शिकायचंय’ हे आत्तापासून रोज म्हणायला लाग, तेही खोटं नाहीच ना. आणि आधारकार्ड, दहावीची मार्कशीट, बँकेचं पासबुक स्वतःच्या ताब्यात ठेव, फोटो काढून एका मैत्रिणीकडे पण पाठवून ठेव.